कोंडाबाईची पायरी

बसा, सावली धरून बसा. पण ती खालची पायरी सोडा, जिच्यात गोल दगड बसवलाय. तिच्यावर कलेक्टर आला तरी बसत नाही. का, ते सांगतो. मधे बोलायचं नाही, आणि पाण्यात खडे टाकायचे नाहीत.

लई जुनी गोष्ट. माझ्या पणज्यानंही ती ऐकलेलीच होती, बघितलेली नव्हती. तेव्हा आमच्या ह्या बोरखडीवरून मिठाच्या बैलांची वाट जायची. लमाणांचे तांडे यायचे, यात्रेकरू यायचे, कारण पाच कोसांत पाणी म्हणजे ही एकच बारव. वाटसरू होते म्हणून बाजार होता आणि बाजार होता म्हणून गाव होतं.

मग गावानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. आणि तो धोंडासुद्धा ह्याच बारवेतून उपटून आणला! कुणाला दारापुढं पायरी हवी होती, कुणाला धुणं आपटायला दगड. "एवढ्या पायऱ्या हायेत, एक नेली तर काय हुतंय?" असं प्रत्येक घर म्हणालं. पायऱ्या गेल्या तशा भिंती सुटल्या, माती आत आली, झरे बुजले. तांड्यांनी दुसरा घाट धरला. बाजार मोडला, आणि माणसं गाडीत बिऱ्हाड घालून निघून जायला लागली. शंभर उंबऱ्यांचे तीस राहिले.

त्या तिसांत एक घर टाकाऱ्याचं. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावावी लागते, नाहीतर नुसता भरडा पडतो. ते काम टाकाऱ्याचं. त्या घरचा रखमाजी एकटाच बारवेतला गाळ उपसायला उतरला होता. उगवतीच्या अंगाची भिंत खचली आणि तो तिच्याखाली गेला. मागं राहिली बायको कोंडाबाई आणि रांगतं पोर. पुढं जात्यांना टाकी तीच लावायला लागली.

एक दिवस हैबती पाटलानं गाव गोळा केलं. म्हणाला, "चैती पुनवेला देव हलवू. नदीकडंला जाऊन ऱ्हाऊ." देव हलला की गाव संपलं. कोंडाबाई उठून उभी राहिली.

"मी न्हाई यायची. माझा माणूस हितं गेलाय. पुनवंपातूर मुदत द्या, बारव पुरी करून दावते."

"तू? एकटी?"

"एकटी कशापायी? दगड समद्यांच्या घरात हायेत की."

पाटलाला हसू आलं. "दिली मुदत. पर बाई, एक पायरी जरी कमी पडली, तरी देव उचलणार."

असं म्हणतात, की ती दगडाला कान लावायची आणि दगड तिला आपलं मूळ ठिकाण सांगायचा. आता मला विचाराल तर तसं काही नसावं. बारव बांधली होती तिच्या सासरच्याच जुन्या माणसांनी, आणि प्रत्येक पायरीच्या पाठीवर त्यांनी एक बारकं फूल कोरलेलं. दगड उलटला की चोरी उघडी! आणि टाकारीण तर घराघरांत जाणारी. कुणाकडं कुठला दगड आहे, ते तिला पाठ होतं.

ती दारोदार जाऊन सांगायची, "पायरी उलटा. न्हाईतर जात्याला हात लावणार न्हाई." बायका हटून बसल्या. पंधरा दिवस भरडा खाऊन पोरांची पोटं दुखायला लागली, तरी हटेनात. शेवटी पाटलाची बायको ठकूबाई उठली, तिनं आपल्याच दारची पायरी पहारीनं उचकटली आणि वाड्यापासून बारवेपर्यंत ढकलत नेली. मग कोण मागं राहतंय? गडी गाळ उपसू लागले, बायका चुना मळू लागल्या. कोंडाबाई पायऱ्या बसवायची. तिच्या हातोडीचा आवाज म्हणे तीन कोसांवर ऐकू जायचा.

तोंडाची मात्र ती फाटकी. दगड घेऊन येईल त्याला सुनवायची, "असल्याच दगडापायी माझा माणूस मेला. तुम्ही मारला त्येला." लोक खाली मान घालून ऐकून घ्यायचे. खरंच होतं ते.

पुनवेची सकाळ उजाडली. सगळ्या पायऱ्या बसल्या, फक्त एक कमी. तीही नेमकी उगवतीच्या अंगाची, जिथं रखमाजी गेला तिथली. गोठे पाहिले, चुली पाहिल्या, देवळाची फरशीसुद्धा उलटून झाली. नाहीच. "बाई, शब्द म्हणजे शब्द," पाटील म्हणाला, आणि देवाची पालखी बाहेर काढली.

तेव्हा ठकूबाई हळूच म्हणाली, "कोंडा, समद्यांची घरं धुंडाळली. तुझं ऱ्हायलं."

कोंडाबाई भडकली. "माझ्या घरात हाय काय? एक जातं!" आणि बोलता बोलता थांबली.

जात्याची खालची तळी जमिनीत पुरलेली असते. टाकी लावायची ती वरच्या अंगाला. तळी जन्मात कुणी उलटत नाही. कोंडाबाई घरी गेली, दार लोटलं आणि पहार घालून तळी उचकटली. पाठीवर फूल होतं. सासऱ्यानं की आजेसासऱ्यानं, कुणीतरी बारवेची पायरी गोल तासून घरचं जातं केलं होतं.

आता बघा, घरात ती एकटी आणि हातात छिन्नी. दोन घाव घातले असते तर फूल निघून गेलं असतं, आणि आपलं जातं बारवेला दिलं म्हणून मिरवता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. तळी डोक्यावर घेतली आणि भर गावात पालखीपुढं फूल वर करून ठेवली.

"तुमास्नी लई बोलले मी," ती म्हणाली. "माझ्या माणसाला ज्यानं खाल्लं त्यो दगड माझ्याच घरात हुता. रोज त्याच्यावरच दळत हुते." आणि ती धाय मोकलून रडली.

हैबती पाटील वाकला आणि तळीची एक बाजू त्यानं स्वतः धरली.

तोच हा गोल दगड. असं म्हणतात, की त्यावर शेवटचा घाव पडला आणि खालून झरा फुटला, आणि दिवस मावळायच्या आत पाणी ह्या पायरीला टेकलं. मी म्हणतो, गाळ निघाला होता, झरा मोकळा झाला असेल. पण पाणी ह्याच पायरीपाशी का थांबतं, ते मला सांगता येत नाही. तुम्हीच बघा.

देव हलला नाही. वैशाखात पहिला तांडा परतला. त्यानं वाटेत सांगितलं, की एका गावानं चोरलेली बारव परत आणून बसवली. मग लोक नुसती बारव बघायला यायला लागले, तुम्ही आलात तसे. गेलेली बिऱ्हाडंही फिरली.

कोंडाबाईनं पुन्हा घरात जातं मांडलं नाही. बायका दळताना पहिली मूठ तिच्यासाठी बाजूला काढायच्या. अजून काढतात, आता पीठ गिरणीचं असलं तरी. पाहुण्याची पहिली भाकरी त्याच पिठाची, तिचे पैसे घेत नाहीत. उगाच देऊ नका, आमच्या बायका रागावतात.

आणि दर चैती पुनवेला प्रत्येक घर आपलं जातं इथं आणून सगळ्यांसमोर उलटतं. आता जाती राहिली नाहीत, तर मिक्सर आणून उलटतात. हसू नका! उलटल्याशिवाय त्या दिवशी कुणाला कुणाबद्दल वाईट बोलता येत नाही. पहिला मान टाकाऱ्याच्या घराचा, कोंडाबाईनंच तसं लावून दिलंय.

यंदाही पहिला मिक्सर मीच उलटला. ते माझंच घर.