खारमावशीचा पाय

उंबरावरच्या पोरक्या पिल्लांसाठी दाणे मागायला गेलेली त्याची ताई खारमावशीकडे तासभर गप्पा का मारत बसते, हे भिरू साळुंकीला कुणी कधीच सांगितलं नाही. त्या काळी उंबरावर ससाण्यांचा फार सुळसुळाट होता. एके दिवशी त्यांनी ताईला नेलं आणि पिल्लं उपाशी राहिली.

भिरू खारीच्या ढोलीवर धडकला. “दाणे दे!”

“माझा पाय मुरगळलाय, दिसत नाही का मेल्या? ताई कुठंय तुझी?”

“गेली,” म्हणताना भिरूला रडू फुटलं. मावशीही रडली. त्याने तिच्या पायाला पाला बांधला आणि दाणे मागायचे विसरून परतला.

सकाळी मावशी लंगडत दाणे घेऊन आली.

पिल्लं उडून जायच्या दिवशी भिरूने त्यांना मावशीकडे नेलं. “काही मागायचं नाही,” तो म्हणाला. “पाय कसा आहे, ते विचारा.”