बाराची घंटा आणि शेवटची पाचर

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात गलबतं बांधणारा एक शेट होता. माणूस वाईट नव्हता, पण भारी घाईचा. कामावर कुणी क्षणभर टेकलं तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा.

त्याच्या गोदीत नाना धर्मांची माणसं राबायची. म्हातारा मिस्त्री ख्रिस्ती होता. रोज बाराला चर्चची घंटा झाली की तो टोपी काढायचा आणि डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायचा. सारा दोन मिनिटांचा मामला, पण शेटच्या डोळ्यांत तो खुपायचा. शेवटी त्याने फर्मान काढलं, "देवधर्म ज्याने त्याने घरी ठेवायचा. गोदीत फक्त काम!"

पौर्णिमा आली. त्या दिवशी उधाणाची भरती, तीही भर दुपारी. नवं गलबत तेव्हाच पाण्यात लोटायचं होतं, नाहीतर पुढचे पंधरा दिवस ते काठावरच अडकणार.

मिस्त्रीने सकाळीच सांगितलं, "शेट, घंटा झाली की मी दोन मिनिटं थांबणार. भरलेलं पाणी तेवढं थांबतं."

"थांबलास तर उद्यापासून येऊ नकोस," शेट म्हणाला.

बारा वाजत आले. गलबताखालच्या साऱ्या पाचरी निघाल्या, एकच उरली. ती काढायचं काम मिस्त्रीचं. त्याने हातोडा उचलला आणि घंटा झाली.

हातोडा खाली ठेवून त्याने टोपी काढली.

"अरे, घाल घाव!" शेट ओरडला. मग दोर धरून उभ्या असलेल्या तांडेलाला, खलाशांच्या म्होरक्याला, म्हणाला, "तू हो पुढे. काढ ती पाचर!"

कपाळावर गंध लावलेला तांडेल जागचा हलला नाही. "नाही शेट. ज्याने गलबत बांधलं, तोच ते सोडेल. तोवर आम्ही धरतो की!"

चाळीस माणसांनी दोर आवळले. कुणाच्या गळ्यात माळ, कुणाच्या डोक्यावर जाळीची टोपी. शेटने पाण्याकडे पाहिलं. सकाळपासून धावत आलेली खाडी काठोकाठ भरून उभी होती. चढत नव्हती की उतरत नव्हती. सारा जन्म पाण्याकाठी गेला, पण हे त्याने कधी थांबून पाहिलंच नव्हतं. एवढं मोठं गलबत, एवढी माणसं, एवढं पाणी, आणि मधे एका म्हाताऱ्याचे हलणारे ओठ. शेटच्या अंगावर काटा आला. नकळत त्याचे हात जोडले गेले.

मिस्त्रीने टोपी घातली, एकच घाव घातला आणि गलबत सरसरत पाण्यात उतरलं. काठावर मोठा जल्लोष झाला.

मिस्त्री मात्र आपली हत्यारं पिशवीत भरू लागला. उद्यापासून यायचं नव्हतं ना! शेटने ती पिशवी त्याच्या हातून घेतली आणि स्वतः खुंटीला टांगली. मग साऱ्यांकडे वळून म्हणाला, "कुणाला कुठली वेळ हवी, ते आजच सांगा रे. मी आधीच विचारायला हवं होतं."

मागून जाळीची टोपी घातलेला एक जण हळूच म्हणाला, "शेट, शुक्रवारी दुपारी..."

"खुशाल जा," शेट म्हणाला. "तुझा दोर मी धरीन."

तात्पर्य: माणूस कामावर येतो तेव्हा त्याची श्रद्धाही त्याच्यासोबत येते. तिला जागा करून द्यावी. बाकीच्यांनी घटकाभर भार उचलला, तर कुणाचं काम अडत नाही.