खर्च नसलेला ठराव

“...म्हणजे अधिकार मला आहे की नाही, एवढंच सांगा, बाबा.”

मिस्कीनबाबा तव्यावरची भाकरी उलटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कागदावर काय लिहिलंय?”

“पालिकेचा एक रुपयाही माझ्या सहीशिवाय खर्च होणार नाही, असं लिहिलंय.”

“मग आहे की.”

विचारणारे होते सुधन्वा पागे. शेवंतपूरची नगरपालिका बुडाली तेव्हा सरकारने तिला पैसे दिले, आणि त्या पैशांवर लक्ष ठेवायला नियंत्रक म्हणून पाग्यांना पाठवलं. ते आले तेव्हा झाडूवाल्यांना सात महिने पगार नव्हता आणि निम्म्या गावात रस्त्यावर अंधार होता. दीड वर्षात पगार झाले, दिवे लागले. पाग्यांनी गावात कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. हे सगळं खरं होतं. आणि ते खरं आहे हे पाग्यांना जरा जास्तच माहीत होतं.

गावाबाहेर मिस्कीनबाबांचा तकिया होता, फकिराची साधी मठी. पागे तिथे दर मंगळवारी येत. सबंध गावात त्यांना साहेब न म्हणणारा तो एकच माणूस होता, म्हणून येत असावेत.

“काल मी सभागृहाला कुलूप लावलं,” पागे म्हणाले.

“का?”

“सभा भरली की पंखे फिरतात. कागद लागतो. शिपायाला जादा भत्ता द्यावा लागतो. हा खर्च आहे. मी तो मंजूर केला नाही.”

“सभा कशाची होती?”

पागे चुलीकडे बघू लागले.

“माझी मुदत वाढवू नये, असा ठराव येणार होता.”

“अच्छा...”

“तो मुद्दा नाही, बाबा.”

“मी कुठे काय म्हटलं?”

चुलीतलं एक लाकूड बाबांनी मागे ओढलं. धूर झाला. पाग्यांनी डोळे पुसले.

“तरी ऐकेनात. नगराध्यक्षा हौसाताई कुंभारे सगळ्या नगरसेवकांना घेऊन आवारातल्या चिंचेखाली जाऊन बसल्या. आज दुपारी पुन्हा बसणार आहेत. पण आवारही पालिकेचंच आहे. पोलिसांना द्यायचं पत्र मी लिहून ठेवलंय.” त्यांनी खिशावर हात ठेवला. “फक्त पाठवायचं आहे.”

“चिंचेखाली पंखा आहे?”

“नाही.”

“मग तिथे खर्च कसला?”

“आज नाही, पण उद्या होईल! ही तीच माणसं आहेत, बाबा, ज्यांनी गाव बुडवलं. प्रत्येक गोष्ट शेवटी पैशाला जाऊन भिडते. बोलणंसुद्धा.”

बाबांनी गरम भाकरी आमटीत कुस्करली, वाडगा पाग्यांच्या हातात दिला.

“आज तातोबाला तू भरव. माझी बोटं भाजलीत.”

बोटं भाजलेली नव्हती. पाग्यांना ते दिसत होतं. पण ते उठले.

तातोबा तांबट. लकव्याचा झटका आल्यापासून दोन्ही हात लुळे, आणि डोळे त्याच्याही आधी गेलेले; ऐकूही मोठ्याने बोललं तरच येई. मागे कुणी नव्हतं, म्हणून बाबांनी त्याला तकियात आणून ठेवलं होतं. पाग्यांनी पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्याने तो घेतला, चावला.

“आज बाबा नाहीत वाटतं. घास केवढाले देतोस रे? कोंबडीला टाकतोस का?”

पाग्यांनी घास मोठा केला.

“आता बरं. नवीन वाटतोस. गावातला?”

“गावात असतो,” पागे मोठ्याने म्हणाले.

“मग ऐकलंस ना? त्या नियंत्रकाने सभागृहाला कुलूप घातलं.” तातोबाने आवंढा गिळला. “चोर परवडला. चोर निदान रात्री येतो. हा सालस तोंडाने गावाची जीभ कापायला बसलाय. माणूस आहे की...”

पुढचे शब्द पागे आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःबद्दल ऐकत होते.

बोलून झाल्यावर तातोबाने तोंड उघडलं.

घास हवेतच राहिला.

म्हातारा तोंड उघडं ठेवून वाट पाहत होता. हनुवटीला आमटी लागली होती. वाडगा पाग्यांच्या हातात होता...

“थांबलास का?” चुलीपासून बाबांनी विचारलं.

“हा मलाच शिव्या देतोय.”

“हो.”

“माझ्याच हातून खातोय.”

“हो. नाहीतर कुणाच्या हातून खाईल?”

“निदान खाताना तरी...”

बाबा वळले. पाग्यांकडे बघत राहिले.

“त्याचे हात गेलेत, बेटा. जीभ नाही गेली.”

एवढंच म्हणाले आणि पुढची भाकरी थापायला बसले.

पाग्यांनी घास भरवला. तातोबाने तो सावकाश चावला, गिळला, आणि राहिलेल्या शिव्या पुऱ्या केल्या. वाडगा रिकामा होईपर्यंत पागे भरवत राहिले. मग त्याची हनुवटी पुसली आणि निघाले.

दुपारी चिंचेखाली माणसं जमली होती. ऊन पानांतून खाली उतरत होतं. पागे एकटेच आले, खिशातून किल्ली काढली आणि स्वतः कुलूप काढलं. लोक उठून उभे राहिले.

हौसाताई पुढे आल्या. “काय जप्त करायचं राहिलंय आतून?”

“काही नाही. ऊन फार आहे. आत बसा.”

एका नगरसेवकाने हळूच विचारलं, “पंखे लावायचे का?”

“लावा,” पागे म्हणाले, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून बसले. भिंत पातळ होती. साडेतीन तास सगळं ऐकू येत होतं.

शुक्रवारी सकाळी ते तकियात आले. मंगळवार नव्हता. बाबा अंगण झाडत होते. पागे दगडावर बसले.

“अकरा विरुद्ध सहा. मी जावं म्हणतात.”

“सहा जण तुझ्या बाजूने बोलले?”

“भांडले. मी बोललो असतो त्याहून चांगलं भांडले.” पागे किंचित हसले. “प्रत्येक ठरावावर मला शेरा लिहावा लागतो. लिहिलं, या ठरावास खर्च नाही, नियंत्रकास मत नाही. आणि वर सरकारकडे पाठवून दिला.”

“आणखी काय ठरलं?”

“नगराध्यक्षांना नवी गाडी. त्यावर लिहिलं, नामंजूर.”

“रागावल्या?”

“खूप.”

“रागावू दे. गाव एवढंसं, चालत जाऊन दिवसात दोनदा पालथं घालता येतं.”

बाबा झाडत राहिले. पाचोळ्याचा ढीग झाला.

“बाबा...”

“हं.”

“दीड वर्ष मी या गावासाठी राबलो. आता गाव म्हणतं, जा. सरकार म्हणेल तोवर राहावं लागेल. राहिलो तर नकोसा, गेलो तर पळालो. मी या गावाचा नेमका कोण, ते मला कळेनासं झालंय.”

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला. पागे वाट पाहत होते...

“दोन दिवस नळाला गढूळ पाणी येतंय,” बाबा म्हणाले. “पाण्यात टाकायची पावडर आली का?”

“गाडी सकाळीच आलीय. टाकीपाशी उभी आहे. माझी सही झाली की उतरवतील.”

“मग ऊठ. लोक पाणी पिताहेत.”