जांभळीखालचा झरा

त्या राज्यात नदी नव्हती. पाणी डोंगरावरच्या तळ्यातून यायचं, जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या एका मोठ्या नळातून. तो नळ ज्यांनी घातला ते केव्हाच गेले होते आणि हयात असलेल्यांपैकी कुणीही तो पाहिलेला नव्हता. सकाळी आधी वरच्या आळीचा हौद भरायचा, मग मधल्या आळीचा, आणि उरलंसुरलं पाणी खालच्या आळीच्या हौदात करंगळीएवढ्या धारेनं पडायचं. पिलांना विचारलं, पाणी कुठून येतं, तर ती म्हणायची, हौदातून. मोठ्यांचं उत्तरही फारसं वेगळं नव्हतं.

पाण्याचा कारभार जलमंडळाकडे होता. मंडळाचे अध्यक्ष अवधूतराव गवा अंगापिंडानं भव्य आणि स्वभावानं भिडस्त होते. समोरच्याचं मन मोडणं त्यांना जमत नसे. मंडळात जे ठरेल ते वस्तीला ओरडून सांगायचं काम ठमा टिटवीकडे होतं. चौकातल्या खांबावर बसून ती ओरडली की तिचा आवाज तिन्ही आळ्यांत पोचायचा. वर्षानुवर्षं तिला सांगायला फारसं काही नसे. उद्या हौद धुणार, सणाला पाणी लवकर सुटणार, एवढंच. ती सांगायची तसं व्हायचं. त्यामुळे आपण तिच्यावर विश्वास ठेवतो, हे कुणाच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

एका सकाळी वरच्या हौदाच्या तोटीतून पाण्याऐवजी वारा आला. थोडा वेळ ती तोटी दमेकऱ्यासारखी धापा टाकत राहिली आणि मग गप्प झाली. घागरी घेऊन आलेले सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. द्वारका हरणीचं पाडस नुकतंच दूध सोडून पाण्याला लागलं होतं. ती सरळ ठमाकडे गेली. ठमाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून ती मंडळात गेली.

मंडळातही कुणाला काही ठाऊक नव्हतं. तळं आटलं असेल, असं एक सभासद म्हणाला. कुणीतरी पाणी चोरत असेल, असं दुसरा म्हणाला. अवधूतराव शिंगं हलवत म्हणाले, "ठमाबाई, पाणी संध्याकाळपर्यंत येईल, असं सांगा."

"येईल ना पण?"

"संध्याकाळपर्यंत काहीतरी कळेल. पण काहीतरी कळेल असं सांगितलं तर लोक घाबरतील. त्यापेक्षा येईल असंच सांगा."

ठमानं तसं सांगितलं. संध्याकाळ झाली, पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळानं ठरवलं की लोकांना पाणी जपून वापरायला सांगावं. तेही तिनं सांगितलं. तेव्हा खालून एका गाढवानं शांतपणे विचारलं, "कुठलं?" त्यानंतर कुणा सभासदाला आठवलं की अशा वेळी पाणी उकळून प्यायला सांगायची जुनी पद्धत आहे. कशासाठी, हे मात्र त्याला आठवेना. ठमानं तेही सांगितलं. रिकाम्या घागरींसमोर उभं राहून लोकांनी ते ऐकून घेतलं आणि घरोघर जाऊन त्यावर वाद घातला. काहींनी चुली पेटवून ठेवल्या.

त्याच वेळी खालच्या आळीत वेगळंच घडत होतं. ओढ्याकाठच्या जांभळीखाली जमीन आधी ओलसर झाली, मग मऊ झाली आणि मग तिच्यातून पाणी उसळू लागलं. ते सगळ्यात आधी पाहिलं सगुणा मुंगसिणीनं. सगळा जन्म तिनं त्या करंगळीएवढ्या धारेखाली घागर धरण्यात घालवला होता. ती वाकली, ओंजळभर पाणी प्यायली आणि तिथेच बसून रडली. थोड्या वेळानं आळी गोळा झाली. कुणी कडेनं दगड रचले, कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी जांभळीला सूत गुंडाळलं. इतकी वर्षं सगळ्यांच्या शेवटी पाणी मिळालेल्यांच्या दारात धरती स्वतः चालत आली, यात कुणाला शंका राहिली नाही.

वरच्या आळीतले तहानलेले घागरी घेऊन खाली आले. "रांगेत मागे उभे राहा," सगुणा त्यांना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ही रांग कशी असते हे तिला चांगलं माहीत होतं, एवढंच.

"हे आमच्या हौदातलं पाणी तर नाही?" रांगेतल्या एका माकडानं विचारलं.

"तुमचा हौद वर आहे. हे खालून येतंय," सगुणा म्हणाली. माकडानं दगडांना हात लावून नमस्कार केला आणि घागर पुढे केली.

ठमानं हे सगळं वरून पाहिलं. आकाशातून तिला आणखी एक गोष्ट दिसली. डोंगरापासून जांभळीपर्यंत सरळ रेषेत गवत जरा जास्त हिरवं होतं, आणि जांभळीच्या पुढे, वरच्या हौदाकडे वळताना, ती रेषा पिवळी पडत चालली होती. तिनं जाऊन अवधूतरावांना सांगितलं, "झरा नाही तो. नळ आधी खालच्या आळीतून जातो आणि मग वरच्या हौदाकडे चढतो, तो जांभळीखाली फुटलाय. सगळं पाणी खाली निघून जातंय, म्हणून हौदात चढत नाही."

अवधूतराव स्वतः पाहायला निघाले. ते येताना दिसले तसे लोक बाजूला झाले. मंडळाच्या पुण्याईनं झरा लागला, असं कुणीतरी म्हणालं आणि त्यांच्या शिंगांत माळ अडकवली. अवधूतरावांनी तोंड उघडलं. समोर सगुणा हात जोडून उभी होती आणि तिच्यामागे पिलं चिखलात नाचत होती. त्यांनी तोंड मिटलं. परत येताना माळ त्यांच्या डोळ्यांवर लोंबत होती. "एवढ्या लोकांचा आनंद आहे, ठमाबाई," ते म्हणाले. "आणि खरं सांगू, आता मलाही नक्की सांगता येत नाही. मंडळानं नवा झरा लोकांसाठी खुला केला, असं सांगा."

ठमा खांबावर जाऊन बसली. आपल्याला दिसलेली रेषा खरी की एवढ्या सगळ्यांना दिसलेला झरा खरा, हे तिचं तिलाच कळेनासं झालं. शेवटी तिनं सांगितलेलं काम केलं.

मग पाण्याचा रंग बदलू लागला. शेजारच्या ओढ्यात सगळ्या आळ्यांची घाण वाहून यायची. जांभळीखालची माती खचली आणि ओढा त्या खड्ड्यात पाझरू लागला. पिलं आजारी पडली. आधी खालच्या आळीतली, मग जिथे जिथे घागरी गेल्या तिथली. द्वारकेचं पाडस निपचित पडलं.

या वेळी ठमा मंडळात गेली नाही. ती खांबावर चढली आणि ओरडली, "ते पाणी तसंच पिऊ नका. नळ फुटलाय, त्यात ओढा शिरलाय. उकळा, मग प्या."

खाली जमलेल्यांपैकी कुणी चिडलं नाही. एक म्हातारा ससा म्हणाला, "ठमाबाई, आधी तू म्हणालीस संध्याकाळी येईल. मग म्हणालीस जपून वापरा. नंतर म्हणालीस झरा मंडळानं दिलाय. आम्ही यातलं कुठलं धरायचं, तेवढं सांग." आणि सगळे आपापल्या घरी गेले.

द्वारका तेवढी थांबली. "मला बाकीचं काही नको," ती म्हणाली. "लेकराला काय पाजू?"

ठमा खांबावरून उतरली आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात बोलली. "पाणी कधी येईल, मला माहीत नाही. मंडळ काय करेल, तेही माहीत नाही. त्या खड्ड्यात ओढ्याचं पाणी जाताना मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढंच माहीत आहे. उकळून, निववून पाज."

द्वारकेनं पाणी खळखळून उकळलं, निववलं आणि पाडसाला थेंब थेंब पाजत राहिली. पाडस लगेच उठलं नाही. दोन दिवस तिनं ते सोडलं नाही. मग त्यानं डोळे उघडले आणि तिचा कान चाटला. द्वारकेनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं तिच्या जावेला सांगितलं. हळूहळू चुलींवर भांडी चढली. ठमाचं ऐकून नव्हे, द्वारकेचं ऐकून.

सगुणाच्या घरी मात्र चूल पेटली नाही. झऱ्याचं पाणी उकळणं म्हणजे झऱ्यावर संशय घेणं, असं तिला वाटत होतं. तिचं धाकटं पिलू रात्रीत गेलं.

सकाळी ती जांभळीखाली आली. तिनं कडेचे दगड बाजूला केले आणि पंजांनी उकरायला सुरुवात केली. लोक धावले. तिला धरायची मात्र कुणाची हिंमत झाली नाही. "तू धरतीतून आलास ना," ती झऱ्याशी बोलत होती. "मग दाखव कुठून आलास." ती छातीइतकी खोल गेली, गळ्याइतकी गेली, आणि चिखलात तिची नखं कशावर तरी टकटकली. तिनं हात फिरवला. गोल, भाजलेलं, गुळगुळीत. जांभळीचं एक मूळ त्यात शिरलं होतं आणि त्यानं ते उभं चिरलं होतं.

"हे काय आहे?" तिनं वर बघत विचारलं. कुणालाच सांगता येईना. सगळी वस्ती काठावर जमली. पिढ्यानपिढ्या ज्याचं पाणी प्यायले, ती वस्तू ते पहिल्यांदा पाहत होते, आणि ती एवढीशी, मातीची, चिखलात पडलेली असावी, हे कुणालाच बरं वाटत नव्हतं.

अवधूतरावांनी माळ काढून ठेवली आणि डोंगरावर जाऊन तळ्याचा दरवाजा खांद्यानं लोटून बंद केला. मूळ कापलं. कुंभाराकडून नवा नळ आणून बसवला, चुन्यानं सांधा भरला, खड्डा बुजवला. सुरुवातीचं गढूळ पाणी वाहून जाऊ दिलं. ठमा प्रत्येक टप्प्याला सांगत होती, जेवढं झालं होतं तेवढंच. एका सकाळी तोटी धापा टाकू लागली, खोकली, आणि तिच्यातून पाणी आलं. वरच्या हौदात, मधल्या, आणि खालच्यात करंगळीएवढं.

काही काळ गेला. जांभळीखाली दगड पुन्हा कुणीतरी रचले होते. मध्ये उथळ, कोरडा खळगा होता. अवधूतरावांनी ठमाला बोलावलं. नजर चुकवत ते म्हणाले, "लोकांची फार इच्छा आहे. एवढं एक सांगा." ठमानं ऐकून घेतलं. त्यातला कुठला शब्द खोटा, हे तिला काही केल्या बोट ठेवून दाखवता येईना. ती खांबावर चढली आणि तिनं सांगितलं, "झऱ्याला पाणी कमी पडतंय. प्रत्येक घरानं हौदावरून एक घागर भरून आणावी."

लोक आले. पहिली घागर अवधूतरावांनी ओतली. रांगेत सगळ्यात शेवटी सगुणा होती, डोक्यावर भरलेली घागर घेऊन. ठमा तिच्याजवळ उतरली.

"तू तर तो नळ हात लावून पाहिलायस," ती म्हणाली.

"पाहिलाय," सगुणा म्हणाली. "पण पाणी नाही घातलं, आणि आणखी काही झालं तर?"

तिच्या पायांखाली, मातीच्या आत, पाणी बारीक आवाज करत चाललं होतं. वर एकेक घागर दगडांमध्ये रिकामी होत होती, लोक डोळे मिटून झऱ्याकडे पाणी मागत होते, आणि रांग पुढे सरकत होती.