पाळण्याला जागा नसलेलं घर

घरापेक्षा घराची बढाई महाग झाली होती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

एक राजधानी होती. नदीच्या पलीकडे एक जुनं नगर होतं. कोणे एके काळी एक पराक्रमी राजा त्या नगरात मुक्कामाला राहिला होता. राजा गेला, त्याचे पणतूही गेले, पण नगर अजून त्या मुक्कामावरच जगत होतं. इथं राजा जेवला, इथं राजाने घोडा बांधला, इथं राजा शिंकला! बाकी तिथं पिकत काही नव्हतं. पुरुष भल्या सकाळी होडीत बसून राजधानीत कामाला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

राजधानीत राजाच्या पागेत एक खोगीर शिवणारा होता. पागेमागच्या खोपटात तो आणि त्याची बायको राहायची. घोडमाश्यांनी जीव नकोसा व्हायचा. बायकोला दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, "माझं लेकरू लिदीच्या वासात वाढणार नाही. घर बघा."

राजधानीत घर घेणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून दोघं होडीतून जुन्या नगरात गेली. नगराचा मुख्य पंच त्यांना एक घर दाखवू लागला.

"ही तुळई बघा. महाराजांनी हिला तलवार अडकवली होती. ही भिंत बघा. महाराज हिला टेकून बसले होते."

बायकोने विचारलं, "चूल कुठं मांडायची? उजेड कुठून येतो? आणि पाळणा कुठं टांगायचा?"

मुख्य पंच हसला. "बाई, लोक इथं तलवारीचं विचारतात. तुम्ही पाळण्याचं विचारताय!"

"तलवारवाला एक रात्र राहून गेला. मला जन्म काढायचाय."

नवरा लाजून लाल झाला. "अगं, मोठी माणसं आहेत. काय बोलतेस?" आणि त्याने तिथल्या तिथं होकार दिला.

आता बघा हं! दिवसभर त्या घरात राहणार ती, आणि घर पसंत केलं अंधार पडल्यावर परतणाऱ्याने. तिच्या पाटल्या गेल्या, दुभती म्हैस गेली. घेण्याआधी त्या घरात एकदा चूल पेटवून बघावी, एवढी साधी गोष्ट. तिला सुचलीही होती. पण तिला विचारतो कोण?

सामान आलं, आणि सामानामागून पंच आले.

"घरात चूल पेटवायची नाही. धुराने महाराजांची तुळई काळी पडेल. अंगणात मांडा."

बाईने पोटुशी असताना उन्हात भाकऱ्या थापल्या. मग पंच पुन्हा आले. "जातं आत ठेवू नका. महाराजांची फरशी तडकेल." मग आणखी एकदा आले. "भिंतीला खिडकी पाडायची नाही. महाराजांच्या वेळी नव्हती."

"महाराजांच्या वेळी तुम्हीही नव्हता," बाई म्हणाली. "मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

संध्याकाळी नवरा आला की ती एकेक सांगायची. तो पाय धूत म्हणायचा, "जरा सोस गं. केवढं नामांकित घर आहे! पागेत सगळे मला विचारतात."

विचारणारच! त्यांना कुठं त्या घरात राहायचं होतं?

आणि हे कायदे करणारे पंच कुठं राहत होते, ठाऊक आहे? वेशीबाहेर. नव्या, हवेशीर घरांत. चार-चार खिडक्या आणि आत ऐसपैस स्वयंपाकघर. जुनी घरं ते विकायचे, म्हणजे घेणारा ती झाडायचा, सारवायचा, सांजवात लावायचा, आणि महाराजांच्या उत्सवाला पाहुणे आले की दक्षिणा पंचांच्या ताटात पडायची. राखणदार ठेवायचा तर त्याला पगार द्यावा लागतो. इथं राखणदारच पदरचे पैसे मोजून येत होते!

बाईला मुलगी झाली. बारशाचा दिवस उजाडला. नवरा होडीने कामावर गेला होता, घोडे काही बारशासाठी थांबत नाहीत. गल्लीतल्या बाया जमल्या. घुगऱ्या शिजल्या. बाईने तुळईवरून दोर टाकला, पाळणा बांधला, लेकीला आत निजवलं. पाळण्याला पहिला झोका द्यायचा, तेवढ्यात दारात पंच.

"सोडा तो दोर! महाराजांची तलवार होती तिथं!"

"तलवारीने तुळई झिजली नाही, आणि वीतभर पोरीने झिजेल?"

"नियम म्हणजे नियम. पाळणा बाहेर चिंचेला बांधा."

"चिंचेला भुतं लटकतात, पंच! माझी पोर आहे ती."

एका पंचाने पुढं होऊन दोराला हात घातला. पाळण्याला हिसका बसला. पोर दचकून रडायला लागली.

तेव्हा बाईचा आवाज असा चढला की नदीवरच्या होडीवाल्याने वल्हं थांबवलं. "हात काढ! मेलेल्या राजाच्या तलवारीला जागा आहे, आणि जित्या लेकराला नाही? मग ठेवा हे घर तुमच्या राजाला. तो येईल झाडायला!"

तिने मुलीला पोटाशी धरलं, पाळणा डोक्यावर घेतला आणि ती उंबरा ओलांडून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "माझी चूल किती पावसाळे अंगणात भिजतेय." दुसरी म्हणाली, "माझी सासू अंधारात ठेचकाळून पडली, तरी खिडकी नाही मिळाली." तिसरीने घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि ती चालायला लागली. मग काय, सगळीच गल्ली निघाली.

नगराबाहेर ओसाड माळ होता. बायांनी दोन खांब रोवले, वर आडवं लाकूड टाकलं, आणि तिथं बारसं झालं.

संध्याकाळी होडी लागली. पुरुष आपापल्या घरी गेले, तर दारांना कड्या. नामांकित घरांसमोर सगळे उपाशी उभे! शेवटी माळावरून भाकरीचा वास आला, तेव्हा त्या वासामागून मुकाट चालत गेले.

खोगीर शिवणारा बायकोला म्हणाला, "अगं, सगळं घातलंय आपण त्या घरात. तुझ्या पाटल्या गेल्या."

"पाटल्या माझ्या गेल्या. मी रडते का? मग तुम्ही का रडताय? ही बघा तुमची लेक. अजून तोंडही पाहिलं नाहीत नीट."

त्याने पाहिलं. मग खाली मान घालून त्याने सुई-दोरा काढला आणि लेकीच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून जुनी कातडी जोडायला बसला.

काही पावसाळे गेले. माळावर वस्ती झाली, चुली झाल्या, पोरांचा गोंगाट झाला. जुन्या नगरात मात्र चूल नाही म्हणून धूर नाही, आणि आता झाडायला-सारवायलाही कोणी नाही, म्हणून वाळवीला मोकळं रान. एके दिवशी मुख्य पंच माळावर आला.

"सूनबाई, घर पोखरलंय. परत या. चूल आत मांडा, पाळणा तुळईला बांधा, काही म्हणणार नाही."

"आज मी सूनबाई झाले होय?" ती भाकरी उलटत म्हणाली. "तुम्हाला लेकराची दया नाही आली, लाकडाची आली. माझा धूर आता माझ्या घराला लागतो. पाणी प्या आणि वाटेला लागा."

पंच पाणी पिऊन गेला. त्याच पावसात ते घर बसलं, तुळईसकट. पंचांनी ढिगाऱ्याला कुंपण घातलं आणि आत पाऊल टाकायला बंदी केली. तिथं आता पाहुणाही फिरकत नाही.

म्हणून सांगते, कान धरून ऐका: ज्या घरात जित्या माणसापेक्षा मेलेल्याचा मान मोठा, ते घर नव्हे, थडगं, आणि थडगं कोणी विकत घेऊ नये.