जुगाईच्या देवळातली भोकाची कळशी

चपला इथेच काढा. नव्वद पायऱ्या आहेत, सगळ्या जांभ्याच्या. अकरा वाजले की पाय भाजतात, तेव्हा आत्ताच चढायला घेऊ.

वर गेलात की जुगाईच्या दाराशी दोन झाडं दिसतील. डाव्या हाताला मोगरा, भर उन्हात. पौषात त्याचं पाणी तोडतात, पानं ओरबाडून काढतात, फांद्या छाटतात. म्हणून आता चैत्रात असा लगडलाय. उजव्या हाताला अबोली, फणसाच्या सावलीत. तिच्यावर तांब्याची एक जुनी कळशी टांगलेली आहे. तिच्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडतं. कळशी गळते हे मला सांगायला येऊ नका. दरवर्षी कोणीतरी शहाणा येतो आणि भोकाला मेण लावून जातो. ते भोक बुजवायचं नसतं.

का, ते सांगतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, देवळाचे गुरव, तेही सांगतात. पण ते सांगतात ती गोष्ट सखोबाची. मी सांगतो ती गोजीची.

पायथ्याशी हा दगड बघितलात? ‘समदर्शी सखोबा गुरव.’ गावातल्या म्हाताऱ्यांनी वर्गणी काढून बसवलाय. सखोबा आमचाच मूळपुरुष, फार जुन्या काळातला. त्याला दोन मुली, येसू आणि गोजी. आई लवकर गेली. जाताना तिने सखोबाचा हात धरला आणि म्हणाली, “पोरींत डावं-उजवं करू नका हो.” सखोबाने तिथल्या तिथे जुगाईची शपथ घेतली. इथपर्यंत अण्णांचं आणि माझं एकमत आहे.

येसू थोरली, तोंडाळ. भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. गोजी धाकटी, गप्प. येसूने दाराशी मोगरा लावला. गोजीने आईच्या परड्यातली अबोली आणून फणसाखाली लावली. सखोबाने दोन्ही झाडांना रोज सकाळी एकेक कळशी पाणी घालायचं ठरवलं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. शिवाय लोकांना बोलवून दाखवायचा, म्हणे.

एक दिवस कोणीतरी चेष्टेत म्हणालं, “सखोबा, मोगऱ्याला ऊन आणि अबोलीला सावली, हे कसलं रे तुझं सारखं?” झालं. सखोबाने कोयती घेतली आणि फणसाच्या त्या बाजूच्या फांद्या उतरवल्या. आता ऊनही सारखं. गाव धन्य धन्य म्हणालं. अबोलीला ओल लागते, सावली लागते, आणि मोगऱ्याला थंडीत जरा उपाशी ठेवावं लागतं, हे त्या गावात एकाही बाईला ठाऊक नव्हतं असं मला कोणी सांगू नये. ठाऊक होतं. पण एवढ्या न्यायी माणसाला टोकणार कोण?

पाणी पायथ्याच्या विहिरीवरून यायचं. दोघी बहिणींना दोन-दोन खेपा. दोन कळशा झाडांना, दोन देवळाला. येसू दणादण चढायची. गोजीला त्या वर्षी माघापासून ताप येत होता. वैद्याचा काढा चालू होता. तोही सखोबा दोघींना पाजायचा. हे ऐकून लोक हसतात. हसा. अण्णा हे कौतुकाने सांगतात.

गोजी त्रेसष्टाव्या पायरीवर कळशी टेकायची, दम घ्यायची, परत उचलायची. येसूने ते पाहिलं.

“बाबा, तिची एक खेप मी घालते.”

“नको. उद्या म्हणशील, बापाने मलाच जास्त राबवलं.”

“मी कशाला म्हणू? मीच सांगतेय ना!”

“तू नाही म्हणालीस तरी शपथ माझी आहे, येसू. तुझी नाही.”

त्या रात्री मात्र सखोबाला झोप लागली नाही असं सांगतात. त्याने ठरवलं, देवीलाच विचारू. शपथ सैल करू का, म्हणून कौल लावू. जुगाईचा कौल कसा असतो ते सांगतो. देवीच्या अंगावर डावीकडे मोगऱ्याची कळी आणि उजवीकडे अबोलीचं फूल पाण्याने चिकटवायचं आणि प्रश्न घालायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फुलं दारातल्या या दोन झाडांचीच लागतात, दुसरी चालत नाहीत.

सकाळी तो तबक घेऊन बाहेर आला. मोगरा कमरेएवढा वाढलेला, हिरवागार, नुसती पानं. थंडीभर पाणी पिऊन माजलेला. एक कळी नाही. अबोलीच्या वाळलेल्या काड्या, हात लावला की मोडत होत्या. तबक हातात धरून सखोबा दारात उभा राहिला. देवी कोपली, कौल देत नाही, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात त्याच्या समोरून गोजी गेली, म्हणे. डोक्यावर पहिली खेप. मोगऱ्याच्या आळ्यात तिने पाणी ओतलं, रिकामी कळशी घेतली आणि बापाच्या अंगाला घासून परत खाली उतरली. तो तबकाकडेच बघत होता.

देवीला विचारायला फूल लागतं. पोरीला विचारायला काय लागतं?

दुसऱ्या खेपेला गोजी त्रेसष्टाव्या पायरीवर बसली, ती उठली नाही. कळशी आदळत आदळत पायथ्यापर्यंत गेली. ते भोक तेव्हाचं.

अण्णांची गोष्ट इथे संपते. ‘पण वचन मोडलं नाही,’ असं म्हणून ते डोळे पुसतात, आणि ऐकणारेही पुसतात. मी कॉलेज सोडून घरी आलो तेव्हा अण्णा म्हणाले होते, “तुला आणि दादाला सारखंच वाढवलं रे. तुझंच कुठे बिनसलं?” तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

पुढचं माझ्या आजीने सांगितलेलं. बाराव्यापर्यंत येसू कोणाशी बोलली नाही. तेराव्याच्या सकाळी तिने बापाच्या हातातून पाण्याचं काम काढून घेतलं. फणसाला नवे धुमारे फुटले होते, त्यांना कोणाला हात लावू दिला नाही. आईच्या परड्यात अबोलीचं बी पडून रोपं उगवली होती, त्यातलं एक आणून त्याच जागी लावलं. गोजीची कळशी त्यावर टांगली. “भोक बुजवून आणतो,” असं सखोबा म्हणाला, तर म्हणाली, “राहू दे. हिला असंच लागतं.” पौष आल्यावर मोगऱ्याचं पाणी तोडलं. तो सुकताना बघून सखोबा कळवळला. येसू ढिम्म हलली नाही. चैत्रात मोगरा फुटला, आणि अबोलीही फुलली. दोघांना वेगवेगळं मिळालं आणि तबक भरलं.

मग म्हाताऱ्याने एकदा विचारलं, म्हणे. जन्मात पहिल्यांदा. “येसू, तुला काय हवं गो?”

ती आळ्याशी बसली होती. म्हणाली, “मला कधीच काही कमी नव्हतं, बाबा. हे तिला विचारायचं होतंत.”

तेव्हापासून इथला रिवाज पडला. पाणी घालण्याआधी आळ्यात बोट दोन पेरं खुपसायचं आणि झाडाला विचारायचं, “तुला काय?” अण्णा रोज विचारतात. बोट बुडवतात, ‘तुला काय’ म्हणतात, आणि म्हणता म्हणताच तांब्या ओततात.

दुसरा रिवाज पायरीचा. ही बघा, आलीच. त्रेसष्टावी. मधोमध खळगा पडलाय, कळशीच्या बुडाचा आहे असं म्हणतात. इथे पोचलेल्याने मागच्याला विचारायचं, “जमतंय का?” आजही प्रत्येक जण विचारतो. जत्रेला हजार माणसं विचारतात, आणि विचारता विचारता चौसष्टाव्या पायरीवर पाय ठेवतात.

तुमच्या आजी खाली बाविसाव्या पायरीवर बसल्यात. मघापासून बसल्यात. वळा मागे, विचारा. आणि त्या सांगेपर्यंत इथेच उभे राहा.