सटवाजीचा रेडिओ आणि चांगुणाचा आवाज

बोरघळ गावात सटवाजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? सरपंचांनी त्याला एकदा सांगितलं होतं, "सटवा, सातच्या बातम्या लागल्या की मला हाक मार." सटवाजी रोज सातला हाक मारायचा. एकदा सरपंच चार दिवस सोलापूरला गेले होते. तरी त्यानं हाक मारली. चारही दिवस मारली.

चावडीवर पंचायतीचा मोठा रेडिओ होता आणि तो लावायचं काम सटवाजीकडे होतं. गावात शहाणी माणसं पुष्कळ होती. पण रेडिओ बिघडला की तो डोक्यावर घेऊन आठ मैल तालुक्याला चालत जाणारं शहाणं माणूस एकही नव्हतं.

सटवाजीच्या बायकोचं नाव चांगुणा. तिचा गळा गोड होता. मागच्या महिन्यात शहरातून रेडिओची माणसं आली, तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या गाऊन घेतल्या, यंत्रात भरल्या आणि घाईनं गेली. जाताना सांगून गेली, अमुक गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लागतील, एकदाच लागतील.

चांगुणा उभ्या जन्मात दहा हजार ओव्या गायली असेल. पण आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं.

ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, मला लुगडं नको, डागिना नको. गुरुवारी तेवढा माझा आवाज मला ऐकू द्या."

"दिला," सटवाजी म्हणाला. बायकोवर त्याचा फार जीव होता.

आणि सोमवारीच रेडिओ घुणघुणायला लागला. बातम्या कमी आणि घुणघुण जास्त. सटवाजीनं चावडीवरच्या गांधीलमाश्या हाकलल्या. समोरची पिठाची गिरणी बंद करायला लावली. घुणघुण तशीच. मग त्यानं रेडिओ डोक्यावर घेतला आणि तालुक्याला कादरभाई मिस्त्रीकडे नेला.

कादरभाईंनी मागची फळी काढली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "सटवाजी, हा आवाज बाहेरून येत नाही. रेडिओ स्वतःच करतोय. ह्या दोन तारा बघ, एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसल्यात. म्हणून घुणघुण."

"मग वो?"

"लांब करायचं." त्यांनी एक तार इकडे सारली, एक तिकडे. घुणघुण थांबली.

"ध्यानात ठेवलं," सटवाजी म्हणाला.

त्या संध्याकाळी सरपंचांच्या ओसरीवर त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. सरपंच आणि मुलाचे वडील डोक्याला डोकं लावून हळू आवाजात बोलत होते. सटवाजी चावडीची किल्ली द्यायला आला. ऐकतो तर घुणघुण. त्यानं किल्ली खुंटीला अडकवली, पाहुण्यांना बखोटीला धरून उठवलं आणि गोठ्यात म्हशीशेजारी नेऊन बसवलं. परत येऊन कान लावला. घुणघुण थांबली होती.

लग्न मोडता मोडता राहिलं. सरपंच लालबुंद होऊन म्हणाले, "अरं गाढवा, मोठ्या माणसाला असं उठवत्यात व्हय? मोठं माणूस जिथं असंल तिथंच असू द्यावं."

"ध्यानात ठेवलं," सटवाजी म्हणाला.

मंगळवारी रेडिओ शिट्ट्या मारायला लागला. सटवाजी पुन्हा आठ मैल गेला.

"हा आतला काचेचा दिवा, व्हॉल्व्ह म्हणतात तो, ओरडतोय," कादरभाई म्हणाले. "ओरडतो हा आणि त्रास होतो शेजारच्याला." त्यांनी दिव्यावर पत्र्याची टोपी घातली, टोपीला तार जोडली आणि म्हणाले, "ह्या तारेचं दुसरं टोक चावडीपाशी जमिनीत पुर. वर पाणी घालत जा. जमीन ओली पाहिजे."

"म्हंजे ओरडंल त्याला पत्रा, पत्र्याला तार, तारेला पाणी."

"अगदी बरोबर," कादरभाई म्हणाले. त्यांना काय कल्पना.

बुधवारी सकाळी तालुक्याचे साहेब कंपोस्ट खतावर भाषण द्यायला आले. चावडीपुढे उभं राहून ते खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली सांगू लागले. साहेबांचा आवाज पहाडी होता. पहिल्या ओळीतलं एक पोर दचकून रडायला लागलं. सटवाजीनं ओळखलं. ओरडतो एक आणि त्रास होतो शेजारच्याला.

साहेबांना जागचं हलवायचं नाही हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. म्हणून त्यांना अजिबात न हलवता त्यानं मागून तेलाचा रिकामा डबा आणला आणि त्यांच्या डोक्यावर पालथा घातला. डब्याच्या कडीला तार बांधली. तारेचं टोक जमिनीत पुरलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. भाषण पाठ असल्यामुळे साहेब डब्यातही खड्ड्याच्या रुंदीपर्यंत पोचले. आवाज मात्र पुष्कळ कमी झाला. सटवाजीला बरं वाटलं.

साहेबांची जीप निघून गेली. सरपंचांनी कपाळाला हात लावला. "सटवा, तुझ्या पाया पडतो. तुला जी काय अक्कल चालवायची असंल ती तुझ्या घरच्या माणसावर चालव. परक्याला हात लावू नगंस."

"ध्यानात ठेवलं," सटवाजी म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी रेडिओनं कहर केला. हळू लावला तर ठीक. पण मोठा केला की आधी थरथरायचा आणि मग अशी किंकाळी फोडायचा की बैल दावं तोडायचे. चांगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. सटवाजी गुरुवारी उजाडायच्या आत निघाला.

कादरभाईंनी रेडिओ मोठा केला, किंकाळी ऐकली आणि हसले. "हे दुखणं मोठं गमतीचं आहे. कर्ण्यातून आवाज निघतो. त्याच्या हादऱ्यानं ह्या आतल्या तबकड्या हलतात. तबकड्या हलल्या की आवाज आणखी बिघडतो. म्हणजे काय, तर हा आपलाच आवाज ऐकतो आणि बिथरतो."

"आपलाच आवाज ऐकून?"

"हो. ज्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. थरथर सुरू झाली की समजायचं, आता किंकाळी." त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून तबकड्यांखाली घातले.

"आन् रबर नसलं तर?"

"तर लांब न्यायचं. आवाज पोचणार नाही इतकं लांब."

"ध्यानात ठेवलं," सटवाजी म्हणाला.

साडेसहाला चावडीपुढे अख्खा गाव जमला. चांगुणा डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांत पुढे बसली होती. सटवाजीनं रेडिओ लावला, आवाज पूर्ण सोडला. घुणघुण नाही, शिट्टी नाही, किंकाळी नाही. कादरभाईंनी काम चोख केलं होतं. आतली बाई स्पष्ट म्हणाली, "आता ऐकू या, बोरघळच्या चांगुणाबाईंच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या."

आपलं नाव ऐकलं आणि चांगुणाचे डोळे भरून आले. तिचा ओठ थरथरला.

सटवाजीनं ते बघितलं आणि ओळखलं. आवाज तिचा. ऐकणार ती. थरथर तर सुरूच झाली. आणि रबर जवळ नाही. बरं, माणूस घरचंच होतं, परकं नव्हतं. त्यानं क्षणाचाही वेळ घालवला नाही. रेडिओतल्या चांगुणानं तोंड उघडलं आणि त्यानं समोरच्या चांगुणाला खांद्यावर टाकून धूम ठोकली.

गावानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. गाव ओव्यांत गुंतला होता.

सटवाजी विहिरीपर्यंत पळाला आणि थांबला. "ऐकू येतंय का गं?"

चांगुणा पाठीवर बुक्क्या मारत म्हणाली, "येतंय, येतंय. हितं ठेवलंसा तरी चालंल. ठेवा मला खाली."

येतंय म्हटल्यावर सटवाजी आणखी पळाला. ओढ्यात उतरला, पलीकडे चढला. "आता?"

"बारीक येतंय वो. तुमच्या पाया पडते, ठेवा."

सटवाजी टेकडी चढला, पलीकडे उतरला. तिथं वारा होता आणि दोन टिटव्या होत्या, बाकी काही नव्हतं. "आता येतंय का?"

चांगुणा रडत म्हणाली, "न्हाई येत."

तेव्हा कुठं सटवाजीनं तिला खाली ठेवलं आणि घाम पुसला.

ती दोघं परत आली तेव्हा चावडीवर लोक डोळे पुसत उठत होते. म्हातारी भागुआत्या चांगुणाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "पोरी, असा आवाज जल्मात ऐकला न्हाई." सरपंचांनीसुद्धा मान डोलावली. चांगुणा चावडीच्या पायरीवर बसली. गाव पांगला. मग तिनं नवऱ्याकडे न बघता विचारलं, "कसा लागला असंल वो माझा आवाज?"

"सोच्छ," सटवाजी म्हणाला. "एक शिट्टी न्हाई."

"तुमी कुठं ऐकलासा?"

"ऐकायला कशाला पायजे? तुझ्या कानावर पडूच दिला न्हाई. मग बिघडंल कसा?"

आणि बायको आता शाबासकी देईल म्हणून तो तिच्यापुढे हसत उभा राहिला.